श्रीचा रक्तगट

अभिमनला स्वतःच्या कामाची फार खात्री असे. त्याच्या आयुष्यात पुढे जे घडलं त्याचं मूळ शोधायला निघालं, तर या खात्रीपाशीच येऊन थांबावं लागतं.

यावलच्या केळीच्या बागेत वाढलेला पोरगा. डिप्लोमा झाला तसा त्यानं जळगावात एका व्यापारी संकुलात जिन्याखालची खोली भाड्यानं घेतली, बाहेर पाटी लावली आणि दुकानदारांना, डॉक्टरांना प्रोग्राम लिहून द्यायला सुरुवात केली. सत्त्याण्णव साल होतं. जळगावात तेव्हा ज्यांच्याकडे कॉम्प्युटर होता ते त्याच्यावर रोज सकाळी फडकं मारत, संध्याकाळी त्याला प्लॅस्टिकचं झाकण घालत आणि मधल्या वेळात त्याला घाबरत. अभिमन मात्र घाबरत नसे. स्वतः लिहिलेला प्रोग्राम तो स्वतःच तपासायचा, स्वतःच्या हातानं, स्वतःच्याच सवयीनं. तो नीट चालायचा. मग तो हात झटकून उठायचा आणि म्हणायचा, "झालं. आता यात बघण्यासारखं काही उरलं नाही."

निर्मलकुमारांच्या लॅबचा प्रोग्राम त्यानं असाच हात झटकून दिला होता. निर्मलकुमार म्हणजे राजस्थानातून आलेल्या जैन व्यापारी घराण्यातला मुलगा. दुकान भावांवर सोपवून यानं रक्त-लघवी तपासण्याची लॅब काढली होती. गावात त्यांना निर्मलशेठच म्हणत. तिथले रिपोर्ट वर्षानुवर्षं प्रमिलाबाई टाइपरायटरवर काढत आल्या होत्या. कॉम्प्युटर आला तशी त्यावर बसायला एक नवी मुलगी ठेवली गेली, आणि प्रमिलाबाई चहापाणी आणि पावत्या बघू लागल्या. त्यांनी तोंडानं तक्रार केली नाही, पण टाइपरायटर कुणाला विकू दिला नाही.

या विंडोजच्या, खिडक्याखिडक्यांच्या प्रोग्रामची एक रीत असते. तो आपणहून काही करत नाही. पडद्यावर बटणं, याद्या, रिकाम्या चौकटी मांडून वाट बघत बसतो. प्रत्येकाच्या मागे सूचनांचा एक छोटा तुकडा असतो. कुणी बोट लावलं की तेवढाच तुकडा जागा होतो, आपलं काम करतो आणि पुन्हा झोपतो. एका तुकड्यानं आपल्यापुरतं जे लक्षात ठेवलं ते त्याच्याबरोबरच पुसलं जातं. मग एकाची गोष्ट दुसऱ्याला हवी असेल तर ती प्रोग्रामच्या अगदी वर, सगळ्या तुकड्यांचा हात पोचेल अशा जागी ठेवतात. घरातल्या सामाईक फडताळासारखीच ती जागा. सोय मोठी असते. फक्त तिथे ठेवलेलं कुणी आवरलं नाही तर ते तसंच पडून राहतं, आणि पुढचा येणारा ते आपलंच समजून उचलतो.

अभिमननं रक्तगट असाच वर ठेवला होता. यादीतल्या गटावर माउसनं क्लिक केलं की यादीचा तुकडा तो गट फडताळात टाकायचा. ‘छापा’चं बटण दाबलं की तो तुकडा फडताळातून गट उचलून कागदावर छापायचा आणि डिस्कवरही तोच साठवायचा. ‘नवा पेशंट’ म्हटलं की पडद्यावरच्या चौकटी स्वच्छ व्हायच्या, फडताळ मात्र कुणी आवरायचं नाही. कशाला आवरायचं? पुढच्या पेशंटला नवा गट पडणारच होता. यादीच्या चौकटीत कीबोर्डनंही लिहिता यायचं, पण लिहिल्यानं जो तुकडा जागा होतो, त्यात अभिमननं एक अक्षर लिहिलं नव्हतं. माउस असताना टाइप कोण करणार, असं त्याला वाटलं. त्यालाच वाटलं, कुणाला विचारलं नाही.

एवढी एकच चूक असती तर ती पहिल्याच आठवड्यात उघडी पडली असती. फडताळ रिकामं असतं, कागदावर गटाची जागा कोरी आली असती आणि कुणीतरी ओरडलं असतं. पण निर्मलशेठ सकाळी मुहूर्त करत. लॅब उघडली, उदबत्ती लावली, कॉम्प्युटरला कुंकवाचं बोट लावलं की ते स्वतः खुर्चीत बसत आणि दिवसाचा पहिला रिपोर्ट देवाच्या नावानं काढत. नावाच्या जागी लिहीत ‘श्री’. गटाच्या यादीतून माउसनं निवडत ‘ओ पॉझिटिव्ह’. मधे लाइट जाऊन आली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करावा लागला, तर पुन्हा श्री.

"देवाला ओ पॉझिटिव्ह कशावरून हो, निर्मलशेठ?" अभिमननं एकदा हसत विचारलं होतं.

"ओ वाला सगळ्यांना देतो, अभिमनभाऊ," निर्मलशेठ म्हणाले. "देवानं अजून काय करायचं असतं?"

दोघं हसले. त्या दिवसापासून अभिमनही नवा प्रोग्राम दाखवायला बसला की आधी ‘श्री’ लिहू लागला. आपल्याकडे तिघांतल्या एकाला तरी हाच गट निघतो, त्यामुळे कागदावर तो दिसला तर कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही. या गोष्टीचा विचार तेव्हा दोघांपैकी कुणीच केला नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते म्हणजे येतेच, मग ऊन कितीही पेटलेलं असो. लॅबमधली मुलगी भुसावळला आपल्या माहेरी गेली. अभिमनची धाकटी बहीण सुंदर साक्रीहून यावलला आली ती पोटुशी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आता परत जायचीच नव्हती. अभिमन तिला मोठ्या ऐटीत जळगावला घेऊन आला. यावलच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आणायला सांगितलं होतं आणि बहिणीचा रिपोर्ट आपल्याच प्रोग्रामवर निघावा यापरता मान कुठला?

त्या दिवशी कॉम्प्युटरवर प्रमिलाबाई होत्या. त्यांनी माउस उचलून मॉनिटरच्या डोक्यावर ठेवून दिला होता.

"हे काय, प्रमिलाबाई? उंदराला वर कुठे चढवलंत?"

"वळवळतो मेला हाताखाली," त्या म्हणाल्या. "मला बोटांनी लिहिता येतं, तेवढं पुरे."

आणि खरंच, आतल्या तपासनीसानं हातानं लिहून दिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर नजर ठेवून त्यांची बोटं इतकी सफाईनं चालली की अभिमन बघतच राहिला. छापलेला कागद त्यांनी वाचला नाही. त्या कधीच वाचत नसत. टाइपरायटरवर बोटानं जे मारलं तेच कागदावर उमटतं. उभ्या हयातीत याच्यापेक्षा वेगळं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. कागद घडी घालून पाकिटात, चिठ्ठी चुरगाळून टोपलीत. आधी या चिठ्ठ्या दाभणात ओवून ठेवायची पद्धत होती. ‘आता सगळं कॉम्प्युटरात आहे, हा कचरा कशाला?’ असं म्हणून ती पद्धत अभिमननंच बंद पाडली होती.

निर्मलशेठांनी पाकीट उघडून कागद पाहिला. "ओ पॉझिटिव्ह. चला, चिंता नाही. बाई निगेटिव्ह असली आणि मूल पॉझिटिव्ह निघालं, की बाळंतपणानंतर तीन दिवसांत एक इंजेक्शन द्यावंच लागतं. नाहीतर आईचं रक्त पुढच्या मुलावर उठतं. पहिल्याला काही होत नाही, दुसरं पोटातच जातं. तुम्हाला ती भानगड नाही."

सुंदरला यातलं फार काही कळलं नाही. तिनं भावाच्या तोंडाकडे पाहून सासरच्या बोलीत विचारलं, "बठ्ठं बराबर शे ना, भाऊ?"

"साक्रीला जाऊन ‘शे’ शिकली," अभिमन तिला चिडवत म्हणाला. "सगळं बरोबर आहे. माझा प्रोग्राम आहे तो."

महिन्याभरानं अभिमन धुळ्याला गेला. तिथल्या एका लॅबचे मालक तोताराम नाना यांना हाच प्रोग्राम हवा होता. निघायच्या आदल्या दिवशी यावलहून शेजारच्या फोनवरून निरोप आला होता, सुंदरला मुलगा झाला. त्यानं पिशवीत पेढे घेतले, नानांच्या हातावर पेढा ठेवला, कॉम्प्युटर सुरू केला आणि रिवाजाप्रमाणे आधी माउसनं ‘श्री’चा रिपोर्ट काढून दाखवला. मग नानांना म्हणाला, "आता तुम्ही बसा. तुमचंच नाव घाला."

नाना बसले. धुळ्याच्या त्या दिवसांतल्या वावटळींनी सगळीकडे धूळ भरली होती. माउसच्या पोटातला गोळा अडकला आणि पडद्यावरचा बाण जागचा हलेना. नानांनी दोनदा माउस टेबलावर आपटला, मग बाजूला सारला आणि कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत आपलं नाव लिहिलं. चौकटीत गट लिहिला, ‘बी निगेटिव्ह’. त्याचा त्यांना अभिमान होता. असला दुर्मीळ गट आपला, म्हणून हॉस्पिटलवाले उठवून नेतात, असं ते कुणालाही सांगत. ‘छापा’ दाबायलाही माउस लागला नाही, एन्टर पुरला.

प्रिंटर करकरला. नानांनी कागद फाडून घेतला, चष्मा वर केला आणि मोठ्यानं हसले.

"अहो, तुमच्या मशीननं तर माझं रक्तच बदललं! ओ पॉझिटिव्ह म्हणतंय!"

अभिमनही आधी हसला. मग त्याची नजर टेबलाच्या कडेला पडलेल्या माउसवर गेली, आणि जळगावला मॉनिटरच्या डोक्यावर चढवून ठेवलेला तो दुसरा माउस त्याला आठवला. त्यानं नानांच्या हातून कीबोर्ड जवळजवळ ओढून घेतला. ‘ए निगेटिव्ह’ लिहिलं, छापलं. ओ पॉझिटिव्ह. ‘एबी’ लिहिलं, छापलं. ओ पॉझिटिव्ह. पडद्यावर एक, कागदावर एक. दर वेळी मघाचा श्री फडताळातून बाहेर येत होता.

"काय झालं हो? एवढं काय त्यात?" नाना विचारत होते. "दुरुस्त करा की."

अभिमन तोवर रस्ता ओलांडून एसटीडीच्या बूथमध्ये शिरला होता.

"सुंदरचा रिपोर्ट ओ पॉझिटिव्हच आहे, मी आत्ता कॉम्प्युटरवर पाहिलं," पलीकडून निर्मलशेठ म्हणाले.

"कॉम्प्युटरात तेच असणार! त्याच्यावरच माझा विश्वास नाही, शेठ. प्रमिलाबाईंना द्या."

प्रमिलाबाई फोनवर आल्या. "मी चिठ्ठीवरचंच लिहिलं, अभिमनभाऊ. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही."

"ते माहीत आहे मला. पण चिठ्ठीवर काय होतं?"

"ते कसं आठवणार हो? आखाजीत किती बाया आल्या." मग घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही," अभिमन म्हणाला. "तुमचं नाही."

धुळ्यातली औषधांची दुकानं पालथी घालून त्यानं ते इंजेक्शन मिळवलं. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात इंजेक्शन, आणि थर्मास मांडीवर. जळगावची एसटी पारोळ्याला थांबली, एरंडोलला थांबली, प्रत्येक फाट्यावर थांबली. खिडकीतून आगीचे लोट येत होते. तो सारखा थर्मास हलवून बघत होता. आधी खडे वाजत होते, मग वाजेनासे झाले, नुसतं पाणी हलू लागलं. बहिणीचं बाळंतपण होऊन दुसरा दिवस चालू होता. वेळ होता, हे त्याला कळत होतं, पण कळून जीव थाऱ्यावर येत नव्हता. आपण त्या खोलीत बसून एक ओळ वर लिहिली, आणि ती ओळ आता सुंदरच्या अंगातून वाहते आहे, असं काहीतरी त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

जळगावच्या स्टँडवर निर्मलशेठ रक्तगट तपासायच्या बाटल्यांची पेटी घेऊन उभे होते. थर्मासमध्ये त्यांनी नवा बर्फ भरला. मग दोघं यावलच्या गाडीत बसून तापीचा पूल ओलांडून गेले.

दवाखान्यात सुंदर बाळाला पाजत होती. माय पायथ्याशी बसली होती. तिनं अभिमनकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहून रे, तोंड काहून असं उतरलं तुह्यं? पेढे कुठी हायेत?"

निर्मलशेठांनी सुंदरचं बोट टोचलं, बाळाची टाच टोचली. पेटीतल्या छोट्या पांढऱ्या फरशीवर रक्ताचे थेंब ठेवले, त्यात औषधाचे थेंब मिसळले आणि फरशी सावकाश डोलवू लागले. बाळाच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या. सुंदरचं रक्त तसंच पातळ, तसंच लाल, इकडून तिकडे वाहत राहिलं.

"निगेटिव्ह," निर्मलशेठ हळूच म्हणाले. "ओ निगेटिव्ह. मूल पॉझिटिव्ह."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. सुई निघाली तसं सुंदरनं दंड चोळत विचारलं, "बठ्ठं बराबर शे ना, भाऊ?"

या वेळी अभिमननं बोलीवरून चिडवलं नाही. तो बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरून उभा राहिला आणि रडला. बहिणीची पुढची मुलं वाचली. त्याला फार बरं वाटलं, आणि पाणी अजून डोक्यावरून ओघळत असतानाच त्याला आठवलं, आखाजीत किती बाया आल्या, असं प्रमिलाबाई म्हणाल्या होत्या.

दुरुस्ती सोपी होती. दोन ओळी. गट फडताळातून काढला आणि छापणाऱ्या तुकड्याच्या आत घेतला. आता तो तिथेच जन्मायचा, पडद्यावर जे दिसतं तेच वाचायचा आणि तिथेच संपायचा. चहा निवायच्या आत काम झालं. निर्मलशेठांनी दुसऱ्या दिवसापासून श्रीचा रिपोर्ट काढणं सोडलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

पण ज्या बाया कागद घेऊन गेल्या होत्या, त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती कशी पोचणार? प्रमिलाबाई खुर्चीवर होत्या त्या दिवसांतली नावं निघाली. त्यांच्या नावापुढे गाव होतं ते माहेरचं. आखाजीला आलेली पोर रिपोर्ट घेते ती बापाच्या गावच्या पत्त्यावर, आणि बाळंतपण उरकलं की सासरी जाते. सासर कुठलं, हे लॅबमध्ये कोण विचारतो? निर्मलशेठ म्हणाले, "गाजावाजा नको, अभिमनभाऊ, पण एकेकीला गाठा. गाडीभाडं माझं." अभिमन पेटी घेऊन गावोगाव फिरला. चोपडा, रावेर, पाचोरा. लोक ओटीवर बसवत, पाणी देत आणि एकदा तपासलेलं रक्त हा पुन्हा फुकटात का तपासतो म्हणून संशयानं बघत. काही जणी मुळातल्याच ओ पॉझिटिव्ह निघाल्या. बाकीच्यांचा गट वेगळा होता, पण पॉझिटिव्हच. प्रत्येक वेळी फरशीवर गुठळी दिसली की त्याला हायसं वाटायचं.

एक तेवढी सापडली नाही. ताईबाई, बोदवड. बाप रेल्वेत गँगमन होता, त्याची बदली झाली होती, आणि क्वार्टरमध्ये दुसरंच कुटुंब राहत होतं. स्टेशनवर विचारलं तर कुणी म्हणालं खंडव्याकडे गेला, कुणी म्हणालं मनमाडला. पोरगी कुठे दिली? "त्या धुळ्याकडेच कुठीतरी," चहावाला म्हणाला.

पुढच्या आखाजीला अभिमन पुन्हा बोदवडला जाऊन आला. आई-बापच तिथे नसताना पोरगी कशाला येईल, हे ठाऊक असूनही गेला. मधल्या काळात त्याचा धंदा वाढला. हाताखाली माणसं आली. ती कामं दाखवायला आली की तो आधी माउसची वायर उपटून ठेवायचा आणि म्हणायचा, "आता चालव." त्याला सगळे खडूस म्हणत. सुंदरला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बारशाला त्यानं तिला हातात घेतलं नाही. लांबूनच बघत राहिला.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात धुळ्याहून तोताराम नानांचा फोन आला.

"अभिमनभाऊ, एक बाई आलीय. दुसरं मूल पोटातच गेलं. मी रक्त तपासलं तर निगेटिव्ह निघतंय, आणि तिच्याजवळ जळगावचा कागद आहे, त्यावर पॉझिटिव्ह. कागद तुमच्याच प्रोग्रामचा दिसतोय, ती वरची नक्षी मी ओळखली."

"नाव काय तिचं?" अभिमननं विचारलं. 

"ताईबाई. माहेर बोदवडचं," नाना म्हणाले.

ती धुळ्याच्या एका दवाखान्यात खाटेवर बसली होती. सडपातळ, विशी-बाविशीची. शेजारी दोन वर्षांचा मुलगा बिस्किट खात होता. अभिमननं आपण कोण ते सांगितलं. कागदावर चुकीचं छापलं गेलं, ती चूक माझी, असं एका दमात सांगून टाकलं, आणि तिच्या ओरडण्याची, शिव्यांची वाट बघत उभा राहिला.

तिनं उशाखालून कागद काढला. तिनं तो लग्नातल्या फोटोबरोबर प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणला होता. पाकिटातल्या घडीपलीकडे एक सुरकुती नव्हती. कुंकवाचा एक पुसट डाग कोपऱ्यात होता, निर्मलशेठांच्या बोटाचा असावा. तिनं तो कागद त्याच्यापुढे धरला आणि छापील अक्षरांवर बोट ठेवलं. तिला राग आला नव्हता. तिला त्याच्या बोलण्यावर विश्वासच बसला नव्हता. इतकं सुबक छापलेलं खोटं कसं असेल?

"हे तं बराबरच असीन ना, भाऊ," ती त्याची समजूत घालावी तसं म्हणाली. मग पोटावरून हात फिरवत तिनं विचारलं, "मंग माह्यं रगत कव्हा बदललं?"